हळू फीडवर हरवणारा एक दशांश मिलिमीटर

माझी बेंच मिल (टेबलावर मावणारी छोटी मिलिंग मशीन) १२०० मिलिमीटर प्रति मिनिट वेगाने टेबल इकडून तिकडे पळवताना कधी कुरकुर करायची नाही. २०० च्या फीडला, म्हणजे टेबल सरकण्याच्या वेगाला, मात्र मोटर घरघरायची, टेबल थरथरायचं आणि काम संपल्यावर एक्स अक्षाचा शून्य जागेवर सापडायचा नाही. स्टेपर मोटरवर (ठरावीक छोट्या पावलांनी फिरणाऱ्या मोटरवर) चालणारं छोटं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरने चालणारं मशीन, ज्यांनी घरी उभं केलंय, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना हे कधी ना कधी भेटतं. माझा या दुखण्याशी सामना कसा झाला ते सविस्तर लिहितो, कारण यात एक गोष्ट अशी हाती लागली की ती मला आधी कोणी सांगितली असती तर फार बरं झालं असतं.

मशीन गोव्यात फोंड्याजवळ आमच्या घराच्या मागच्या पडवीत आहे. चिनी बनावटीची डोव्हटेलवाली, म्हणजे तिरक्या कडांच्या खाचेत टेबल सरकणारी मिल. आधीच्या मालकाने ती सीएनसी करून घेतली होती आणि मी ती त्याच्याकडून वायरिंगसकट घेतली. १६०५ बॉल स्क्रू, म्हणजे १६ मिलिमीटर व्यासाचा आणि एका फेऱ्यात ५ मिलिमीटर पुढे जाणारा. नेमा २३ मोटरी, त्यांना करंट पुरवणारे टीबी६५६० ड्रायव्हर, २४ व्होल्टचा सप्लाय आणि आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर मशीन चालवणारा जीआरबीएल हा प्रोग्राम. गावच्या उत्सवातल्या नाटकासाठी दिव्यांचे अ‍ॅल्युमिनियमचे क्लॅम्प मी तिच्यावर काढले, तेव्हा तिने काही त्रास दिला नव्हता. अ‍ॅल्युमिनियमला फीड जास्त असतो.

दुखणं उघडं पडलं ते एमएसच्या, म्हणजे माइल्ड स्टीलच्या कामात. आमच्या कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) पंपाची फ्लॅंज, म्हणजे जोडाची बोल्टवाली चकती, झिजली होती, ती १० मिलिमीटरच्या प्लेटमधून नवी काढायची होती. स्पिंडल २५०० आरपीएमला, चार धारांचा ६ मिलिमीटर कार्बाइड एंड मिल, दर धारेला ०.०२ मिलिमीटर. गुणाकार केला की फीड येतो २००. एवढ्या हलक्या मशीनवर पोलादात याच्या फार वर जाता येत नाही. मधलं भोक गोल यायला हवं होतं, त्याच्या कडेला पायऱ्या आल्या. एकीवर तर नख अडकत होतं.

ज्याला विचारावं तो सांगायचा, फीड अजून कमी कर. सल्ला मनापासूनचा होता, पण स्टेपरच्या बाबतीत तो उलटा बसतो. स्टेपरची ताकद सगळ्यात जास्त असते ती हळू वेगालाच. वेग वाढेल तशी ती उतरते, कारण वाइंडिंगमध्ये, म्हणजे मोटरच्या तारेच्या गुंडाळीत, करंट चढायला वेळच मिळत नाही. म्हणजे जी मोटर १२०० ला टेबल ओढते तिला २०० ला ताकद कमी पडते, हे गणित जुळतच नाही. शेजारी एक निवृत्त फिटर राहतात, त्यांना आम्ही सगळे भाई म्हणतो. त्यांनी मोटरच्या पाठीवर तळहात ठेवला, मला फीड खालीवर करायला लावला आणि म्हणाले, “अरे, ही दमत नाहीये, ही नाचतेय. फीड वाढवून बघ, गप्प होईल.” वाढवला, आणि झाली गप्प.

मग मी तर्क करत बसण्याऐवजी डायल लावून बसलो. मॅग्नेटिक स्टँडवर ०.०१ मिलिमीटरचा डायल, टोक टेबलाच्या कडेला. प्रोग्राम साधा: डावीकडून शून्यावर ये, ५० मिलिमीटर उजवीकडे जा, परत येताना शून्याच्या २ मिलिमीटर मागे जा आणि पुन्हा डावीकडूनच शून्यावर ये. एकाच बाजूने शून्य गाठल्यामुळे स्क्रूची ढिलाई, म्हणजे बॅकलॅश, मोजमापातून बाहेर पडते. बॅकलॅश कितीही असला तरी तो साठत नाही. स्टेप हरवल्या तर त्या साठत जातात. हा फरक आधीच वेगळा काढला नाही, तर माणूस नट घट्ट करत बसतो आणि आजार भलतीकडेच राहतो.

फीड ५० पासून चढवत नेला. १०० पर्यंत ठीक. १५० च्या पुढे घरघर सुरू, २०० च्या आसपास सगळ्यात वाईट, २६० च्या पुढे पुन्हा शांत. ५ मिलिमीटरच्या स्क्रूवर २०० चा फीड म्हणजे मिनिटाला ४० फेरे. १.८ अंशाच्या मोटरला एका फेऱ्यात २०० पूर्ण स्टेप लागतात, म्हणजे सेकंदाला साधारण १३३ स्टेप. स्टेपर मोटरची हळू वेगावरची रेझोनन्स बहुतेक वेळा याच पट्ट्यात, सेकंदाला शंभर ते दोनशे स्टेपच्या आसपास, गाठ पडते. दर स्टेपला रोटर नव्या जागेवर उडी मारतो, थोडा पुढे जातो, मागे येतो, असा हेलकावत स्थिरावतो. पुढची पल्स, म्हणजे कंट्रोलरचा पुढचं पाऊल टाकायचा इशारा, नेमकी त्या हेलकाव्याच्या ठेक्यावर आली की झोपाळ्याला योग्य क्षणी ढकलल्यासारखं होतं: प्रत्येक धक्क्याला झोका वाढतो आणि एका क्षणी रोटर आपली जागा सोडून शेजारच्या जागेत जाऊन बसतो.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला घेतलं. डायलवरचे आकडे मी वहीत लिहीत होतो आणि ते भलतेच शिस्तीत येत होते. ०.१०, ०.२०, पुन्हा ०.१०, एकदा ०.३०. सोबत दोन-तीन शतांश सुटे. ०.१४ नाही, ०.०७ नाही. इतका शिस्तीचा बिघाड पाहून मी थबकलो, कारण यांत्रिक ढिलाई असे गोळीबंद आकडे देत नाही.

या शिस्तीचं कारण मोटरच्या पोटात आहे. १.८ अंशाच्या हायब्रिड स्टेपरच्या रोटरला ५० दात असतात. वाइंडिंगचं चक्र चार पूर्ण स्टेपमध्ये पुरं होतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. रोटर घसरला तर तो अर्ध्यात कुठे थांबू शकत नाही. तशाच चुंबकीय स्थितीची पुढची किंवा मागची जागा बरोबर एका दाताच्या अंतरावर असते, तिथेच तो जाऊन बसतो. एक दात म्हणजे ७.२ अंश, फेऱ्याचा पन्नासावा भाग. माझ्या ५ मिलिमीटरच्या स्क्रूवर त्याचे होतात बरोबर ०.१ मिलिमीटर. म्हणून चूक ०.१ च्या पटीत आली तर मोटर प्रत्यक्षात घसरतेय, याची जवळजवळ खात्रीच. चूक आकड्यात कुठेही बसत नसेल, दर वेळी वेगळी असेल, तर आधी मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचा ग्रब स्क्रू बघावा. आणि ती मायक्रोस्टेपच्या (ड्रायव्हर पूर्ण स्टेपचे जे छोटे तुकडे पाडतो त्यांच्या) पटीत येत असेल, तर मोटर निर्दोष आहे, गोंधळ पल्सचा आहे. ज्याच्याकडे ८ मिलिमीटर लीडचा स्क्रू आहे त्याने ८ ला ५० ने भागावं: ०.१६ येईल. आपल्या मशीनचा हा आकडा प्रत्येकाने कंट्रोलरच्या डब्यावर मार्करने लिहून ठेवावा, इतका तो कामाचा आहे.

ते सुटे दोन-तीन शतांश मात्र कुठल्याही वेगाला दिसत होते, १२०० लासुद्धा. त्यांची नोंद केली आणि पुढे गेलो. त्यांची पाळी नंतर आली.

रेझोनन्सवरचा पहिला उपाय सगळ्यांना ठाऊक असलेलाच: मायक्रोस्टेपिंग. आधीच्या मालकाने ड्रायव्हर हाफ स्टेपवर ठेवले होते, मिलिमीटरला ८० पल्स. स्विच बदलून एक-अष्टमांश केलं, जीआरबीएलमध्ये ‘डॉलर १००’ या सेटिंगची (मिलिमीटरला किती पल्स) किंमत ८० वरून ३२० केली. उड्या लहान झाल्या की हेलकावेही लहान होतात. १५० ते २६० च्या पट्ट्यातली घरघर बरीच खाली आली आणि डायलवरून ०.१ चे आकडे गेले. भोक आता गोल यायला लागलं.

तरी कापून काढलेला तुकडा उजेडात तिरका धरला की त्यावर बारीक लाटा दिसत. भिंगातून पाहिल्या तर सारख्या अंतरावर. मोटर घसरत नव्हती, पण एका चक्रात सारख्या चालीने फिरतही नव्हती. वाय अक्षावर या लाटा नव्हत्या. सप्लाय बंद करून ड्रायव्हरपाशी एक्स आणि वायच्या मोटरींच्या वायरी अदलाबदल केल्या. (सप्लाय चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नये, ड्रायव्हर जागच्या जागी जाऊ शकतो.) लाटा ड्रायव्हरबरोबर गेल्या. मोटर बरी होती, एक्सचा ड्रायव्हर आजारी होता.

ड्रायव्हरच्या आत काय चाललंय हे बघायला ऑसिलोस्कोप हवा, तो माझ्याकडे नाही. पण आरसा होता. मोटर मशीनवरून उतरवली, शिकंज्यात धरली, शाफ्टच्या टोकाला नखाएवढा आरशाचा तुकडा चिकटवला. प्रेझेंटेशनला वापरतात तो लेझर पॉइंटर त्यावर रोखला आणि समोर तीन मीटरवर पडवीच्या भिंतीला पांढरा कागद लावला. एक-अष्टमांशला एक मायक्रोस्टेप म्हणजे ०.२२५ अंश. आरसा जेवढा फिरतो त्याच्या दुप्पट किरण वळतो, म्हणून तीन मीटरवर एका मायक्रोस्टेपला ठिपका साधारण २४ मिलिमीटर सरकायला हवा. आधी जीआरबीएलमध्ये ‘डॉलर १’ या सेटिंगची किंमत २५५ केली, म्हणजे मोटर कायम धरलेली राहते. ती मुळात २५ मिलिसेकंद असते, म्हणजे हालचाल थांबल्यावर तेवढ्या वेळाने मोटर सोडून दिली जाते आणि ठिपका भलतीकडे ढळतो. मग एकेक मायक्रोस्टेप पुढे जायची आज्ञा द्यायची, ठिपक्यावर पेन्सिलची खूण करायची, पुढची आज्ञा.

ठिपके सारख्या अंतरावर पडले नाहीत. पाच-सहा पायऱ्या नीट जात, मग दोन खुणा जवळपास एकमेकींवर पडत, आणि पुढची पायरी दुप्पट लांब उडी मारी. दर आठ मायक्रोस्टेपनंतर, म्हणजे दर पूर्ण स्टेपला, हाच प्रकार. संध्याकाळच्या अंधारात भिंतीवर तो लाल ठिपका अडखळताना पाहिला तेव्हा तुकड्यावरच्या लाटा कुठून येतात ते डोळ्यांनी दिसलं. पुस्तकात करंटच्या लहरीचं चित्र शंभर वेळा बघून एवढं कळत नाही.

कारण असं: मायक्रोस्टेपिंगमध्ये दोन वाइंडिंगमधले करंट साइन आणि कोसाइनच्या आकारात चढउतार करतात. एक करंट शून्याजवळ येतो तेव्हा ड्रायव्हरला अगदी थोडाच करंट सोडायचा असतो. पण चॉपरचा, म्हणजे करंट तुकड्यातुकड्याने सोडणाऱ्या सर्किटचा, स्विच एकदा चालू झाला की काही किमान वेळ तो चालूच राहतो. तेवढ्या वेळात करंट हवा त्यापेक्षा जास्त चढतो, आणि डिके, म्हणजे करंट उतरू देण्याची सेटिंग, स्लो असेल तर तो उतरायलाही वेळ लावतो. म्हणून शून्याजवळच्या बारीक पायऱ्या गिळल्या जातात. वेगात हे जडत्वाखाली लपतं, हळू चालीत उघडं पडतं. डीआरव्ही८८२५ च्या छोट्या ड्रायव्हरवरही याच जातीचा दोष ओळखीचा आहे. त्यावर मोटरच्या वायरींत डायोड घालतात, नाहीतर सप्लायचा व्होल्टेज उतरवतात.

टीबी६५६० ला डिकेचे चार पर्याय आहेत: ०, २५, ५० आणि १०० टक्के. एक्सचा स्विच शून्यावर होता. ५० वर नेला, नवा कागद लावला, पुन्हा खुणा केल्या. या वेळी ठिपके जवळपास सारख्या अंतराने पडले. १०० वर नेऊन पाहिलं तर मोटर सापासारखी फुत्कारायला लागली आणि लवकर तापली, म्हणून ५० वरच ठेवला. लाटा गेल्या. या सगळ्या खटाटोपातला हा आरशाचा प्रयोग मला सगळ्यात प्रिय आहे. खर्च जवळजवळ नाही, फक्त किरण डोळ्यांत जाणार नाही अशा उंचीवर सगळं मांडावं.

राहिले ते दोन-तीन शतांश. फ्लॅंजचं भोक जमल्यावर तिच्यातला बोल्टचा लांबट खाचा कापला. पुढे-मागे, पुढे-मागे, दर पासला ०.१५ मिलिमीटर खोल. ६ मिलिमीटर खोलीला ४० पास. खाच्याची एक कड तळाकडे सरकत गेलेली दिसली, सव्वा दशांशाच्या आसपास. भोक गोल आणि खाचा तिरका, हे काही केल्या पटेना.

डायल परत लावला. या वेळी वेगाऐवजी दिशा बदलण्याची संख्या वाढवली. शंभर फेऱ्या पुढे-मागे: डायलवर ०.६२. फीड बदलला तरी ०.६२ च. माझ्या मशीनवर एक मायक्रोस्टेप म्हणजे ०.००३१२५ मिलिमीटर. ०.६२ ला शंभरने भागलं की दर फेरीला दोन मायक्रोस्टेप. दोनच का, हे समजलं आणि कोडं सुटलं. दिशा बदलल्यावरची पहिली पल्स जुन्याच दिशेने गेली, तर एक स्टेप उणी व्हायच्या जागी एक अधिक होते, म्हणजे फरक दोनचा. पूर्वी हाफ स्टेपवर हेच दोन म्हणजे ०.०२५ मिलिमीटर होते. वहीतले सुटे दोन-तीन शतांश ते हेच.

जीआरबीएल दिशेचा सिग्नल आणि स्टेपची पल्स जवळजवळ एकाच वेळी पाठवतो. दिशेच्या वाटेवर साधा ऑप्टोकप्लर (सिग्नल प्रकाशातून पलीकडे पोचवणारा भाग) असेल तर तो चालू होतो पटकन, पण बंद होतो सावकाश. त्यामुळे एकाच बाजूला वळताना दिशा उशिरा पोचते. दोन्ही बाजूंना सारखाच उशीर असता तर चुका एकमेकींना खाऊन गेल्या असत्या. एकाच बाजूला असल्यामुळे त्या साठत गेल्या. आणि भोक का बचावलं? गोल कापताना एक्स जिथे वळतो तिथे वाय जोरात चाललेला असतो, त्याच्या पल्सबरोबर दिशेचा सिग्नल आधीच निघालेला असतो आणि एक्सची पहिली पल्स जरा मागून येते. सरळ पुढे-मागे करताना ही सवड मिळत नाही.

जीआरबीएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये दिशा आणि पल्स यांच्यात अंतर ठेवायची एक ओळ आहे, स्टेप पल्स डिले नावाची. ती मुळात बंद असते. ती उघडून २० मायक्रोसेकंद दिले, प्रोग्राम पुन्हा आर्डुइनोत भरला. १२०० च्या फीडलाही दोन पल्समध्ये दीडशे मायक्रोसेकंदांची जागा आहे, त्यामुळे एवढ्याने काही अडत नाही. शंभर फेऱ्यांनंतर डायलची सुई शून्याच्या रेघेवर.

वायचं दुखणं निराळं होतं आणि ते आपल्या हवेचं आहे. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात पडवी उघडी. जूनपासून चवथीपर्यंत मशीन थोडं जरी बसून राहिलं तरी डोव्हटेलवर तांबूस पापुद्रा येतो आणि जुनं ग्रीस चिकट होतं. ३० च्या फीडला वाय काही वेळ जागचा हलायचा नाही, मग टुणकन उडायचा. मायक्रोस्टेप जितका बारीक, तितका त्या एका पायरीला मिळणारा जोर कमी: एक-अष्टमांशला मोटरच्या होल्डिंग टॉर्कच्या (जागेवर धरून ठेवण्याच्या ताकदीच्या) साधारण २० टक्के, एक-षोडशांशला १० टक्क्यांच्या खाली. घर्षण त्याहून जास्त असेल तर दोन-चार पायऱ्या साठल्याशिवाय टेबल सुटत नाही. म्हणून मायक्रोस्टेपिंग वाढवत गेलं की अचूकता वाढते, हा समज मला पटत नाही. चाल मऊ होते, एवढंच खात्रीने म्हणता येतं. गिब (डोव्हटेलमधली ढिलाई घेणारी पट्टी) काढली, रॉकेलने सगळं धुतलं, ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल घातलं, गिब डायल बघत बघत कसली. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर आला होता, ते कापून वायरींच्या टोकांवर नवे फेरूल (धातूच्या छोट्या नळ्या) दाबले. वाय सुरळीत झाला.

या दरम्यान बऱ्याच जणांनी सुचवलं की ड्रायव्हर काढून टाक, डीएम५४२ सारखे डिजिटल घे, नाहीतर सरळ क्लोज्ड लूप, म्हणजे आपली जागा स्वतः तपासणाऱ्या मोटरी लाव. डिजिटल ड्रायव्हर हळू वेगाला खरोखर शांत चालतात, आणि नवं मशीन बांधणाऱ्याने तेच घ्यावेत असं माझंही मत आहे. पण दिशेच्या सिग्नलची चूक नव्या ड्रायव्हरनेही होऊ शकते, त्यालाही पल्सआधी काही मायक्रोसेकंद दिशा स्थिर लागते. आणि गंजलेल्या डोव्हटेलला कुठला ड्रायव्हर पुरणार?

फ्लॅंज पंपावर चढली, पाणी गळत नाही. झेड अक्ष अजून राहिलाय. तिथे स्पिंडलच्या डोक्याचं वजन स्क्रूवर लोंबतं, त्यामुळे खाली जाताना एक आवाज येतो आणि वर येताना दुसरा. त्या मोटरच्या मागच्या बाजूलाही शाफ्ट बाहेर आहे, त्यावर घर्षणाने फिरणारी एक जड चकती बसवून हेलकावे मारायचा विचार आहे. चकतीसाठी एमएसचा गोल तुकडा कापून ठेवलाय, भाईंच्या ओळखीच्या लेदवाल्याकडे तो वळवायला देईन.